सकाळी सातची बॅच

रत्नागिरीतल्या त्या पोहण्याच्या टँकवर सकाळी सातची वेळ बायकांची होती, आणि ती प्रेमलाच्या नवऱ्याच्या डोळ्यांत खुपत होती. काशीराम नुकताच रिटायर झाला होता. दुसरा उद्योग नाही, म्हणून तो पुरुषांच्या बॅचचा पुढारी झाला. "बायका पोहतात कुठे? कठडा धरून गप्पा मारतात," अशी तक्रार त्यानं मॅनेजर धामणस्करांकडे केली. तक्रार खरी होती, हीच तर पंचाईत.

धामणस्करांना कुणालाच दुखवणं जमत नसे. त्यांनी शर्यत लावली. जाऊन-येऊन एक फेरी, अशा वीस फेऱ्या, दर दोन मिनिटांनी शिट्टी. लवकर पोचाल तेवढी विश्रांती, पुढच्या शिट्टीच्या आत कठडा गाठला नाही तर बाद. एका बाईनं जरी सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या तर सातची वेळ बायकांची, नाहीतर पुरुषांची.

अख्ख्या दिवसात तेवढा एकच तास प्रेमलाला कुणी हाक मारत नसे. तो गेला असता तर तिला खरंच रडू आलं असतं.

रविवारी पाच-सहा जणी उतरल्या. अर्ध्यावर येईपर्यंत प्रेमला आणि तिची मैत्रीण झरीन, दोघीच उरल्या. "आता नाय जमत गो," प्रेमला धापा टाकत म्हणाली.

शिंप्याकडून खास शिवून घेतलेल्या पायघोळ पोशाखात झरीन कठड्याला टेकली होती. "बरं. मग आमच्या उझमाचं सांगायचं राहिलंच. तिला, माझ्या भाचीला, बघायला काल कुवेतचा मुलगा आला, पांढऱ्याशुभ्र सुटात..."

शिट्टी वाजली. प्रेमला सुटलीच. जितकं लवकर पोचू तितकं जास्त ऐकायला मिळेल, एवढा हिशेब तिला येत होता.

"मग?"

"मग काय, विहीर बघतो म्हणून परसात गेला, तो परत येईचना."

पुन्हा शिट्टी. पुन्हा धावपळ.

"मग?"

"शोधतात तर स्वारी फणसावर!"

"सुटासकट?"

"सुटासकट."

अठराव्या फेरीला झरीन बाद झाली, पण जागची हलली नाही. गोष्ट अर्धी टाकून जाणाऱ्यातली ती नव्हे. शेवटच्या फेरीआधी तिनं आवाज खाली आणला. "खालून सगळे विनवतायत. तर तो म्हणतो, उतरतो, पण माझी एक अट आहे."

काशीराम खुर्ची सरकवत सरकवत पार कठड्याशी आला होता. धामणस्कर ओणवे झाले होते आणि शिट्टी त्यांच्या हातातच राहिली होती. प्रेमलाची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. काटा पुढे सरकला होता. अट ऐकावी की आपला तास वाचवावा? जीव तीळतीळ तुटत असताना तिनं डोकं पाण्यात घातलं आणि निघाली.

ती परत आली तेव्हा काशीराम तावातावानं सांगत होता, "शिट्टी वाजलीच नाही. ही फेरी धरायची नाही."

धामणस्कर कानापर्यंत लाल झाले. "शिट्टी माझी चुकली. मी जरा ऐकत होतो. फेरी घड्याळावर धरली. वेळ बायकांची."

प्रेमला कठड्याला लटकून हसत होती आणि रडतही होती. काशीराम पँट वर ओढून तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"ते जाऊ दे. अट काय होती त्याची?"

झरीन कपडे पिळत उभी होती. "उद्या सांगणार, भावोजी," ती म्हणाली. "सकाळी सातच्या बॅचला."