बशीभर लोणी

जावयाला बोलायची सोय नसते, हेच खरं दुखणं. मुलगा असता तर चार शब्द सुनावले असते, सून असती तर आठ. जावई म्हटला की 'अहो' म्हणून पाणी पुढे करायचं आणि मनातल्या मनात दातओठ खायचे. आणि आमचे जावईबापू तर असे वागायला लागले होते की माझे दात झिजायची वेळ आली.

एका आठवड्यात ह्या गृहस्थांनी दोन कंटेनर परत पाठवले.

आमचा लोण्याचा कारखाना. खोक्यांत भरून गोठवलेलं लोणी आम्ही बोटीनं परदेशी पाठवतो. थंड कंटेनर म्हणजे दाराशी आलेला खोलीएवढा फ्रीजच. आज त्यात आपलं लोणी, मागच्या खेपेला कुणाचं काय होतं, देव जाणे. आणि लोणी असं हावरं, की शेजारी कांदा चिरला तरी त्याचा वास उचलतं. म्हणून रिकामा कंटेनर आला की आधी कुणीतरी आत शिरून वास घ्यायचा, मग भरायचा. ते काम जावईबापूंचं. लग्नाआधी ते अत्तराच्या दुकानात होते. मीच त्यांना ह्या कामावर ठेवलं आणि भेटेल त्याला सांगत सुटले, की नाक असावं तर आमच्या जावयासारखं.

त्याच नाकानं मागे एक कंटेनर पास केला, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकानं आमचं लोणी तोंडात घेऊन थुंकलं. लसणाचा वास. आणखी एक तक्रार आली तर तुमचं लोणी बंद, असं त्यांनी कळवलं. ते गिऱ्हाईक गेलं की कारखान्याला कुलूप. तेव्हापासून जावईबापूंना एकही कंटेनर पसंत पडेना. बोट दुसऱ्या दिवशी सुटायची होती आणि माल आमच्याच शीतगृहात.

मी मुकादमाला गाठलं.

"काय करतात हो हे आत?"

"आत जातात आणि लगेच बाहेर येतात. मग दार लावून घेतात नि बाहेर स्टूल टाकून बसतात. कुणाला उघडू देत नाहीत."

"बसून?"

"बसून काय, नुसतं बसतात. मग पुन्हा आत. आणि येताना हात स्वेटरच्या आत, पोट दुखल्यासारखा. तसेच घरी जातात. परत आले की सांगतात, नको, पाठवा माघारी."

"घरी कशाला?"

"ते मी कसं विचारणार बाईसाहेब, जावई तुमचे."

घर आमचं कारखान्याच्या माडीवर, लेक-जावईही तिथेच. स्वेटरखाली हात घालून माणूस घरी काय नेतो? माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. पलीकडच्या रस्त्यावर आणखी एक लोणीवाला आहे. आमच्या गिऱ्हाइकावर त्याचा कधीपासून डोळा. आमची बोट चुकली की त्याचं फावलं. आणि जावईबापूंना मी त्याच्याबरोबर चहाच्या दुकानात हसताना पाहिलं होतं. लोणीवाल्याच्या बोलण्यावर फुकट कोण हसतं?

त्यात त्या सकाळची गोष्ट. जावईबापू स्वयंपाकघरात गॅसपाशी पेपर वाचत बसलेले. मला गॅलरीत करपल्याचा वास आला म्हणून धावले, तर दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलेलं, आणि हे निवांत पान उलटतायत. मनात पाप असलं की दूध काय, घर जळलं तरी कळत नाही, असं म्हणून मी ते गाठीशी बांधून ठेवलं.

तिसरा कंटेनर आला तेव्हा मी माल भरायच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. जावईबापूंनी मुकादम म्हणाला तेच सगळं केलं. आत, बाहेर, दार बंद, स्टूल.

"जावईबापू, वास कसा आहे?"

"अजून कळत नाही, आई."

"अत्तराच्या दुकानातही गिऱ्हाइकाला असंच स्टुलावर बसवून ठेवायचात?"

"थंडीत वास मंद होतो, आई. वेळ द्यावा लागतो."

"वास आत आहे. तुम्ही बाहेर बसून कुणाला वेळ देताय?"

मुकादमानं हसू लपवायला तोंड फिरवलं. जावईबापूंच्या कपाळावर घाम. थंड कंटेनरच्या दाराशी घाम फुटलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पुष्कळ वेळानं ते आत जाऊन आले, हात स्वेटरमध्ये. जिन्याकडे वळले. मी मागोमाग. गुडघे कुरकुरले, पण संशयाला गुडघे नसतात.

वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून माझ्या लेकीचा आवाज आला.

"हाही नको. ह्यात मासळी होती."

"अगं, तिसरा आहे. खाली खुर्ची टाकून बसल्यात त्या. मला कच्चा खातील."

"मग भरा नि पाठवा. तिकडचे लोक थुंकतील, मग आई शिजवून खाईल."

मी दार ढकललं. टेबलावर बशी, बशीत लोण्याचा गोळा, लेकीच्या हातात चमचा. स्वेटरखालची चोरी ती हीच. दोघांचे चेहरे असे, की जणू मी भूतच.

मी पुढे झाले. चमचा घेतला, चाखलं. जिभेच्या मागच्या बाजूला हलकासा मासळी बाजार होता. बंद कंटेनरमध्ये ठेवलेल्या लोण्यानं तेवढ्या वेळात तो उचलला होता.

आणि मला ते काळं पातेलं आठवलं. मनातलं पाप कसलं? ह्या माणसाला करपल्याचा वासच आला नव्हता.

"नाक कधी गेलं?" मी विचारलं.

जावईबापू खाली बघत म्हणाले, "त्या मोठ्या सर्दीत. वाटलं, येईल परत."

"लसणाच्या कंटेनरआधी की नंतर?"

त्यांनी बशी उगाच टेबलावर सरकवली. म्हणजे आधी.

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही मला नाकासाठीच तर ठेवलंत, आई. चारचौघांत सांगत होतात."

लेक मध्ये पडली. "तक्रार आल्यावर मला सांगितलं त्यांनी. मग मीच ही बशी काढली. मला ओट्यावर येऊ दिलं असतंस तर बशी लागलीच नसती. तेव्हा म्हणालीस, हमालांच्या घोळक्यात पोरीबाळींचं काय काम."

ह्या पोरीला लहानपणी भांडं कुठल्या फडक्यानं पुसलंय ते दूध पिताना कळायचं. नाक माझं घेतलंय, जीभही. ते भांडण नंतर. आधी बोट.

कंटेनर पाठवणाऱ्या एजंटाला फोन लावला.

"मावशी, आमचे कंटेनर धुऊनच येतात," तो म्हणाला.

"तुझ्या घरच्या फ्रीजमध्ये मासळी ठेव, मग फ्रीज धू, त्यात लोणी ठेव आणि ते माझ्यासमोर बसून खा. नाहीतर आधी त्यात काय होतं ते सांगून मग चौथा पाठव."

चौथ्यात मटार होते म्हणे. त्याच्या म्हणण्यावर मी विश्वास ठेवते की काय? संध्याकाळच्या आत चौथा दाराशी उभा राहिला. मी लेकीला हाताला धरून ओट्यावर नेलं. हमाल बाजूला झाले. ती आत गेली, बाहेरून नवऱ्यानं दार लावलं. आम्ही सगळे नुसते त्या बंद दाराकडे बघत उभे. आतून थाप आली, त्यांनी उघडलं.

"भरा," लेक म्हणाली.

ट्रॉल्या हलल्या. पहिली खोकी आत गेल्यावर मी जावयाला समोर बोलावलं, सगळ्यांच्या देखत.

"जावईबापू, सर्दीनं नाक गेलं, त्यात तुमचा दोष नाही. पण नसलेलं नाक माझ्यापुढे मिरवलंत, आणि ते लसणाचं लोणी माझ्या नावानं बोटीत चढलं. मी तुम्हाला चोर समजत होते. तुम्ही चोर नाही, घाबरट आहात, आणि घाबरट माणूस चोरापेक्षा महाग पडतो. आजपासून हा ओटा हिचा. तुम्ही दार लावायचं, थाप आली की उघडायचं, आणि मध्ये कुणी काही विचारलं तर सांगायचं, बायकोला विचारा."