सात आठे चोपन्न

अकोल्याच्या ललितानं दोन्ही लेकरांना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, खुशालरावांनी, तिच्याशी बोलणंच कमी केलं. पातूरकडच्या शाळांत त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. "शाळा का पापड हायेत, घरी लाटाले?" एवढं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

पहिल्या आठवड्यात ललितानं हुबेहूब शाळाच मांडली. भिंतीवर वेळापत्रक, दर तासाला ताट-चमच्याची घंटा. चौथ्या दिवशी आकांक्षा पाणी प्यायला म्हणून गेली ती शेजारच्या अनीसाकडे शेवया खाताना सापडली, आणि धाकटा जीवन पलंगाखाली घोरत होता. ललितानं वेळापत्रक फाडून टाकलं. हे एकटीच्यानं व्हायचं नाही, हे तिला कळून चुकलं. पण सासरे विनवण्यांनी हलणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिनं फळा ओसरीत, अगदी त्यांच्या खुर्चीसमोर आणून ठेवला आणि लेकरांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग तिघांनी सूर लावला, "सात आठे चोपन्न." पेपर हलला. तिघांनी पुन्हा तेच म्हटलं. पेपरामागून खाकरणं ऐकू आलं. ललितानं गंभीर चेहऱ्यानं फळ्यावर चौकोन काढला आणि खाली लिहिलं, 'त्रिकोण'.

खुशालराव उठले.

"खडू आण इकडे," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी लेकरांकडून गच्चीवरची टाकी मोजून घेतली, तिच्यात किती बादल्या मावतील ते काढायला लावलं. चार वाजले तरी जीवन खाली यायला तयार नव्हता. ललितानं कित्येक दिवसांनी गरम चहा प्याला.

संध्याकाळी त्यांनी तिला बोलावलं. "उद्यापासून तू बी बसत जाय. तुहा पाया लय कच्चा हाये."

ललिता गणितात बी.एस्सी. होती. पण नाटक होतं म्हणून सांगावं, तर खडू परत तिच्याच हातात यायचा.

"बरं, मामाजी," ती म्हणाली.

आता रोज सकाळी ती दोन्ही लेकरांच्या मधे बसून पाढे म्हणते. ती अडखळली की आकांक्षा आनंदानं बोट वर करते. मागच्या आठवड्यात तिला धामणगावला माहेरी जायचं होतं. मामाजींनी रीतसर अर्ज मागितला. तिनं तीन दिवसांची रजा लिहिली. दीड दिवस मंजूर झाला, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकांखाली तांबडी रेघ आली.