तिसऱ्या ओळीतली पहिली पुंगळी

मी तळघरातून बोलतोय. आवाज जरा दबका वाटला तर सांभाळून घ्या, इथे बोलायची सवय कुणालाच नाही. मी एक वजनकाटा आहे. वाण्याच्या दुकानातला दांडगा काटा नव्हे. मला एकच पारडं, बाटलीच्या झाकणाएवढं, आणि एक बारीक दांडी. मिठाचे चार दाणे जास्त पडले तरी माझी दांडी हलते. आमच्याकडे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही.

माझं काम काडतुसाची भुकटी तोलायचं. नेमबाज लोक झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. ती घासूनपुसून घेतात, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवतात, आत तोललेली स्फोटक भुकटी घालतात आणि तोंडाशी गोळी दाबतात, की काडतूस पुन्हा तयार. जर्मनीत हे घरी करता येतं, पण आधी अभ्यासवर्ग, मग परीक्षा, मग चारित्र्याचा दाखला. कागदावाचून या देशात पान हलत नाही.

मला पहिल्यांदा घरी आणलं ते आलोइस ब्रांडलने, चाळीस वर्षांपूर्वी. तो इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात लेथवर होता. त्याच्या इमारतीचं तळघर, ज्याला इथे केलर म्हणतात, तिथे लाकडी फळ्यांची एक खोली त्याच्या वाट्याला होती. त्या खोलीत त्याने मला टेबलावर ठेवलं आणि आतून कडी लावली.

ब्रांडलनेही चुका केल्या बरं का. पहिल्याच वर्षी भुकटीचे दोन वेगळे डबे एकदम टेबलावर घेतले आणि उरलेली भुकटी भलत्याच डब्यात ओतली. लक्षात आल्यावर स्वतःला शिव्या घालत दोन्ही डबे बाद केले. एकदा हिवाळ्यात हीटरचा पंखा माझ्याकडे तोंड करून ठेवला. माझं पारडं वाऱ्यावर डुलत होतं आणि हा मलाच खोटा म्हणत होता. मला राग आला होता, अजून आहे.

पण प्रत्येक चुकीनंतर तो एक नियम करायचा आणि पेन्सिलने भिंतीवर लिहायचा. टेबलावर एकच डबा. रेडिओ नाही, फोन नाही. मधे उठलास तर पारडं रिकामं कर आणि ती ओळ पहिल्यापासून धर. गोळी बसवण्याआधी दिवा घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकाव. आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात, 'एकट्याने'.

त्याची बायको कधी जिना उतरून आली तर तो दार उघडायचा नाही. ती कायमची गेल्यावरही कडी लावतच राहिला. घरात दुसरं माणूस नव्हतं, तरी लावायचा. मी समोर बसून ते बघत होतो. बोलता आलं असतं तर त्याला म्हटलं असतं, अरे, आता कुणासाठी?

मग त्याच्या नजरेने दगा दिला. माझ्या दांडीवरच्या रेघा त्याला दिसेनात. तेव्हा त्याने मला तिसऱ्या मजल्यावरच्या जयंतच्या हवाली केलं आणि तळघरातली आपली खोलीही त्याला वापरायला दिली.

जयंत बार्शीचा. मोटारींच्या गिअरबॉक्सवर काम करणारा इंजिनिअर. त्याची बायको नीता ड्युसेलडॉर्फला नोकरीला होती. आधी पंधरवड्याला भेट, मग महिन्याला, मग वकिलाचं पाकीट आलं. त्या दिवसांत ब्रांडल त्याला आपल्या नेमबाजांच्या क्लबात घेऊन गेला. तिथे दर शनिवारी कुणीतरी जयंतसाठी खुर्ची धरून ठेवायचं. रिव्हॉल्व्हरचं वेड वगैरे काही नव्हतं त्याला. त्या खुर्चीसाठी त्याने सगळ्या परीक्षा दिल्या, असं माझं मत आहे.

जयंतचा हात चांगला होता. एका गोष्टीने मात्र ब्रांडल चक्रावला. लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या असायच्या, दहा-दहाच्या पाच ओळींत, आणि प्रत्येक ओळीला जयंत मोठ्याने मोजायचा, "लाभ, दोन, तीन, चार..."

"एक कुठे गेला?" ब्रांडलने विचारलं.

"आमचं धान्याचं दुकान होतं," जयंत म्हणाला. "बाबा पहिल्या मापाला एक नाही म्हणायचे, लाभ म्हणायचे. तोंडाने लाभ म्हणायचं आणि मग माप ओतायचं. माझी जीभच तशी वळते."

"आल्झो, बरं, तुझ्या बाबांना मान आहे. पण ज्वारीचं माप चुकलं तर भांडण होतं, इथे चुकलं तर बोटं जातात. यायंत, आधी ओत. मग काय म्हणायचं ते म्हण." ब्रांडलच्या जर्मन जिभेवर जयंतचा यायंत व्हायचा.

"गेनाऊ, अगदी बरोबर," जयंत म्हणाला. पण जित्याची खोड. पुढच्याच ओळीला लाभ आधी आला आणि भुकटी मागून.

दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात जयंतचे बाबा, वासुदेवराव, गेले. मे महिन्यात तो आई मनोरमाबाईंना तीन महिन्यांच्या व्हिसावर घेऊन आला. मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण इमारतीतले आवाज पाइपांतून खाली येतात. सकाळी सातला जयंतचं दार लागायचं. मग दिवसभर एकाच माणसाची पावलं, स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर. कधी नळ. कधी काहीच नाही. तो संध्याकाळी यायचा, जेवायचा आणि शनिवार-रविवारी खाली माझ्याकडे यायचा. खरं सांगू? तो आला की मला बरं वाटायचं. वर कुणीतरी त्याची वाट बघतंय हे मला ऐकू येत होतं, तरी बरं वाटायचं.

त्या रविवारी दुपारी दोन ओळी व्यवस्थित भरून झाल्या होत्या. त्याने तिसरीसाठी भुकटी माझ्या पारड्यात तोलली. दांडी अगदी मधोमध थांबली. त्याने पारडं उचलायला हात पुढे केला, तोंडाने "लाभ" म्हणाला, आणि दारावर टकटक झाली.

"जयंता, चहा आणलाय रे."

"आई, इथे कुणी यायचं नसतं. सांगितलं होतं ना मी?"

"आत नाही येत. दारातच उभी आहे."

तो उठला. दार फटीएवढं उघडून कप घेतला. त्या काहीबाही बोलत होत्या. समोरच्या बाल्कनीतल्या बाईने आज हात केला, कोथिंबीर एवढीशी आणि किंमत बघ, आत्याचा फोन आला होता. तो हं हं करत चहा प्यायला, घाईने, तोंड पोळेल असा.

"अर्ध्या तासात वर येतो, आई. नक्की."

त्याने कडी लावली. माझ्या पारड्यात भुकटी तशीच होती. ती डब्यात परत ओतायला हवी होती. भिंतीवर लिहिलेलं होतं. पण आईला अर्ध्या तासाचा शब्द दिलेला. लाभ म्हटल्याचं त्याला आठवत होतं, म्हणून तो "दोन" म्हणाला आणि पारडं दुसऱ्या पुंगळीत रिकामं केलं.

तिसऱ्या ओळीतली पहिली पुंगळी कोरडीच राहिली.

मला कळलं होतं. मी त्या दिवशी पन्नास वेळा नाही, एकोणपन्नास वेळा तोललं. मी दांडी हलवून सांगणार तरी काय? मला वजन सांगता येतं, नाव घेऊन हाक मारता येत नाही. अजून दिव्याची आशा होती. दिवा टेबलावरच होता. त्याने घड्याळ बघितलं, दिव्याकडे हातही नेला नाही, आणि पुंगळ्यांवर गोळ्या बसवायला सुरुवात केली. कोरडी पुंगळी इतर एकोणपन्नासांसारखीच दिसायला लागली.

रिकामं काडतूस म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. बुडाच्या टोपीत थोडा जोर असतो. तेवढ्याने गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीत मधेच अडकून बसते. आणि तिच्यामागून दुसरी भरलेली गोळी झाडली की नळी फुटते, हातातल्या हातात.

पुढच्या शनिवारी जयंत काडतुसांचा डबा घेऊन क्लबात गेला. मी टेबलावर होतो. तशी वाट मी कधी बघितली नव्हती. वर मनोरमाबाई फेऱ्या घालत होत्या, नेहमीसारख्या, त्यांना काही माहीत नव्हतं. त्या इमारतीत ठाऊक होतं ते एकट्या मला. बाहेर कुठे रुग्णवाहिका वाजली की माझी दांडी थरथरायची. कदाचित रस्त्यावरच्या ट्रकने थरथरली असेल. मी भीतीच म्हणेन.

पाचच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. तीन माणसांची. जयंत, ब्रांडल आणि मागे मनोरमाबाई. जयंतचे दोन्ही हात जागेवर होते. मी आधी हातच बघितले.

ब्रांडल खुर्चीवर बसला आणि जयंतने आईला मराठीत सांगितलं ते मी ऐकलं. पाच गोळ्यांची फेरी होती, भराभर झाडायची. पहिल्या गोळीला धडाम्‌ऐवजी फुस्स झालं. पुढच्या गोळीसाठी त्याचं बोट चापावर दाबलं जातच होतं, तेवढ्यात मागच्या बाकावर बसलेल्या ब्रांडलने "हाल्ट!" अशी आरोळी ठोकली. त्याला लक्ष्य दिसत नाही, धड माणूसही दिसत नाही, पण चाळीस वर्षांच्या आवाजांत तो आवाज त्याने ओळखला. रिव्हॉल्व्हर उघडलं तर नळीत गोळी रुतलेली.

"देव तारी त्याला कोण मारी," मनोरमाबाई पुटपुटल्या आणि ब्रांडलला हात जोडले. तो गडबडला, त्याने टोपी काढली.

"यायंत, काय चुकलं?" त्याने विचारलं. रागावून नाही.

जयंतने ठोकळ्यावर बोट ठेवलं. तिसरी ओळ, पहिलं भोक. "इथे मी लाभ म्हटलं," तो जर्मनमध्ये म्हणाला, "आणि ओतायच्या आधी उठलो." मग आईकडे न बघता तेच मराठीत सांगितलं.

मनोरमाबाईंनी ठोकळ्याकडे वाकून बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी दार वाजवलं तेव्हा."

"तुझी चूक नाही, आई. उठल्यावर पारडं रिकामं करायचं असतं. ते माझं काम होतं."

"तुझे बाबा माप ओतत असले की मी कधी हाक मारली नाही रे. चाळीस वर्षांत एकदाही नाही. पण तिथे दुकान उघडं असायचं. मी उंबऱ्यात उभी राहायचे, ते दिसायचे. इथे तू खाली येतोस आणि दार लावून घेतोस." त्यांनी कडीकडे बोट केलं. "चहा तर वरही झाला असता. मला नुसतं कुणाशी तरी बोलायचं होतं."

ब्रांडलला शब्द कळले नव्हते, पण तो भिंतीवरच्या त्या सगळ्यांत वरच्या मोठ्या अक्षरांकडे तोंड करून बसला होता. त्याला ती दिसत नसणार.

"खुर्ची आणू का तुला इथे?" जयंतने आईला विचारलं, आणि स्वतःच मान हलवली. "नाही. हे काम असं करताच येत नाही. हे एकट्याने करायचं काम आहे, आई, आणि मला आता एकटं बसायचं नाहीये."

त्याने ब्रांडलच्या देखरेखीखाली उरलेली काडतुसं उकलून रिकामी केली, म्हणजे ब्रांडल फक्त कान देऊन बसला होता. भुकटी क्लबातल्या परवानेवाल्याला दिली. परवाना परत करायचं पत्र त्याने त्याच आठवड्यात पाठवलं. मग मला मऊ फडक्यात गुंडाळलं, पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "तुझी काही चूक नव्हती." इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. माझ्यावर डोळे रोखणारी ती दोन माणसं, पण माझ्याशी कधी कुणी बोललं नव्हतं.

मनोरमाबाई ऑगस्टमध्ये बार्शीला परत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात आल्या, त्याच्या पुढच्याही. शनिवारी वरून पाइपांतून आता तीन आवाज येतात. जयंत, त्या आणि ब्रांडल, ज्याला मराठी येत नाही आणि ज्याचं जर्मन त्यांना येत नाही. तरी दोघं तासन्‌तास बोलतात. काय बोलतात, देव जाणे. मला शब्द लागत नाहीत, आवाज तेवढा येतो.

मला वाईट वाटतं का? वाटतं. मी पेटीत पडून आहे, दांडीवर गंज चढतोय, आणि माझ्यापाशी कुणी येत नाही. जयंतला दोष देणार नाही. तो वर गेला हेच बरं झालं, हे मीही तोलून सांगू शकतो.

परवा जिन्यातलं बोलणं कानावर आलं की क्लबाच्या फळ्यावर माझी चिठ्ठी लागणार आहे, ज्याला हवा त्याने न्यावा. तुम्ही येणार असाल तर एक सांगतो. तुमच्या घरी दार वाजवणारं कुणी असेल तर मला नेऊ नका, मी तुम्हाला त्यांच्यापासून तोडेन. आणि कुणीच नसेल, तरी घाई करू नका. आधी जिना चढून एखाद्या शेजाऱ्याची बेल वाजवून बघा. मी काय, थांबेन.