साडेपाचची मायणी गाडी

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तासगावहून कवठेमहांकाळला जाणारी गाडी फलाट क्रमांक..." एवढं बोलून उत्कर्षा थांबली. माइक तोंडापुढे होता, बोट बटणावर होतं, पण फलाटाचा आकडा काही केल्या बाहेर येईना. स्टँडवरच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. पाटी घेऊन उभी असलेली एक म्हातारी तर भोंग्याकडे मान वर करून म्हणाली, "आगं, कितीवर ते सांग की."

"तीनवर," उत्कर्षा कशीबशी म्हणाली. तिनं माइक बंद केला आणि खाली बघितलं. खुर्ची भिजली होती.

शेजारच्या टेबलावर वाहतूक नियंत्रक आकारामभाऊ नोंदी करत होते. वीस वर्षं गाड्या सोडणारा माणूस. पूर आला, गाड्या बंद पडल्या, यात्रेची झुंबड उडाली, तरी त्यांच्या हातातला पेन कधी थरथरला नव्हता. ते उठले, बसले, पुन्हा उठले. "ताई, आता काय करायचं?" त्यांनी तिलाच विचारलं.

"माझी पिशवी द्या. आणि सव्वादहाची सांगली थांबवा."

"अँब्युलन्सला फोन लावतो की."

"ती सांगलीहूनच यायची, भाऊ. ही दारात उभी हाय."

उत्कर्षा आठ वर्षं एसटीत कंडक्टर होती. पाचव्या महिन्यात तिला हलकी ड्युटी मिळाली: केबिनमध्ये बसायचं आणि गाड्या पुकारायच्या. सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचच्या मायणी गाडीपर्यंत, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून दोन आठवडे होते आणि रजा सोमवारपासून होती. सगळे म्हणत होते, आता तरी घरी बस. पण घरी बसलं की हात आपोआप पोटावर जायचा, आणि तेच तिला नको होतं.

सव्वातीन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. तेव्हा ती पोटातल्याशी आठ महिने बोलत होती. गाडीत तिकिटं देताना, भाकरी थापताना, अंथरुणावर पडल्यावर. कुठला थांबा आला, आज भाजी काय केली, सगळं सांगायची. मग पहिलं बाळंतपण म्हणून कोरेगावला माहेरी गेली, आणि एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. साताऱ्याच्या हॉस्पिटलात तिला कळा द्याव्याच लागल्या, इतर बायकांना द्याव्या लागतात तशाच. फक्त शेवटी कुणी रडलं नाही. कुणाची चूक नव्हती, असं डॉक्टर तीनतीनदा म्हणाले. त्या खोलीतली शांतता मात्र उत्कर्षाच्या कानातून गेली नाही.

म्हणून या खेपेला तिनं मनाशी ठरवलं होतं, पोटाशी एक शब्द बोलायचा नाही. बाळाला ऐकू येतं, बोलत जा, असं डॉक्टरीणबाई दर तपासणीला सांगायच्या. ती मान हलवायची. पोटात लाथ बसली की गाड्यांच्या वेळापत्रकाकडे बघायची. डोहाळजेवण केलं नाही, नावं काढली नाहीत, एक टोपरंसुद्धा घेतलं नाही.

सासू मनुबाई या सगळ्याला काहीच बोलली नव्हती. मुळात पहिलं बाळ गेलं त्या दिवसापासून तिचं बोलणंच कमी झालं होतं. मायणी तिचं माहेर. पूर्वी दर महिन्याला साडेपाचची गाडी धरून भावाकडे जायची, तेही तिनं बंद केलं. विचारलं तर म्हणे गुडघे दुखतात. तिच्या मनात आपल्याबद्दल काय आहे हे उत्कर्षाला कळत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. नवरा जयराज शिरवळच्या कारखान्यात. तो शनिवारी यायचा आणि दोघींच्या मधे बसून दोघींशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. गेले दोन महिने मनुबाई खिडकीत बसून जुन्या लुगड्याचे तुकडे शिवत होती.

"काय शिवताय, आत्या?"

"फडकी. भांडी पुसाय."

फडक्यांना कुणी एवढी बारीक टीप घालतं का, असं उत्कर्षाला वाटलं होतं. पण म्हातारीच्या हाताला काम आहे ना, मग राहू दे, म्हणून तिनं सोडून दिलं.

सव्वादहाची सांगली गाडी विनाथांबा. त्या दिवशी ती वाटेत एकदाच थांबली, उत्कर्षाच्या घरासमोर. आकारामभाऊंचा फोन जाऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तरी मनुबाई कापडी पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. ती चढली, सुनेशेजारी बसली आणि समोर बघत म्हणाली, "चला आता."

ड्रायव्हर कोंडीबाला तेवढ्या पंचवीस किलोमीटरमध्ये चाळीस मास्तर मिळाले. हळू घे. हळू नको, जोरात घे. खड्डा बघ. पुढं आणखी एक हाय, तोपण बघ. बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं आपली गादीची बैठक उचलून उत्कर्षाच्या पाठीशी दिली. सांगलीच्या विश्रामबागेत गाडी आपला रस्ता सोडून हॉस्पिटलच्या फाटकाशी गेली, तेव्हा कुणीही कुरकुर केली नाही. एका प्राध्यापकांचं कॉलेज तिथंच होतं, ते तर मनापासून खूश झाले.

लेबर रूममध्ये सोबत एकाच बाईला सोडत होते. मनुबाई चप्पल काढून आत गेली आणि उशाशी उभी राहिली. तिथल्या सिस्टरचं नाव दिलशाद. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. तिनं पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर टकटक, टकटक असा आवाज भरला.

"ठोके आहेत?" उत्कर्षानं विचारलं.

"ऐकू येत न्हाईत व्हय? पळतंय बघ कसं."

कळा वाढत गेल्या. कंबरेत उठायची आणि मांड्यांपर्यंत उतरायची. प्रत्येक कळ ओसरली की उत्कर्षा एकच विचारायची, ठोके आहेत का. दिलशाद दर खेपेला यंत्र टेकवून ऐकवायची. सहाव्यांदा म्हणाली, "बाई, मी आता हे यंत्र तुझ्या पोटाला बांधूनच टाकते." पण सातव्यांदाही तिनं ऐकवलं. उत्कर्षा ओठ दाबून, डोळे मिटून कळा सोसत होती. तोंडातून हुं की चूं नाही.

"ओरड की," दिलशाद म्हणाली. "हितं ओरडायला बंदी न्हाई. पैलवानाच्या बायका ओरडतात, तुझं काय."

मनुबाईनं पदराच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं. अडीच वर्षांत तिचा हात इतक्या जवळ पहिल्यांदाच आला होता. हाताला खोबरेल तेलाचा वास होता. उत्कर्षानं तो हात धरला आणि मग काही सोडला नाही.

चार वाजत आले तशी डॉक्टरीणबाई हातमोजे चढवून समोर आल्या. "आता जोर लावायचा. मी सांगेन तेव्हाच."

आणि पहिल्याच जोराला उत्कर्षाचं तोंड जे उघडलं ते आठ वर्षांच्या सवयीनं उघडलं. "पुढं सरका," ती ओरडली. "चला, पुढं सरका. दारात थांबू नका. मागं लोक हायत, पुढं सरका."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. दिलशाद तर पोट धरून भिंतीला टेकली. "सरकतंय, सरकतंय," ती म्हणाली. "आणखी एकदा सांग, कंडक्टर."

"दार मोकळं करा," उत्कर्षा दात खाऊन म्हणाली, आणि अंगात होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला. काहीतरी निसटलं. पोट एकदम हलकं झालं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग खोली शांत झाली.

उत्कर्षाला ती शांतता ओळखीची होती. तिनं डोळे उघडले नाहीत. समोर कापडाची हालचाल होत होती, कुणी तरी घाईनं काही पुसत होतं, एक भांडं वाजलं. तिनं मनुबाईचा हात आणखी घट्ट धरला. रड, एवढंच तिला म्हणायचं होतं.

आणि ते रडलं. आधी मांजरीसारखं बारीक, मग चिडून, मग सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. उत्कर्षाही रडायला लागली, हसायलाही लागली. आपल्याला काय होतंय हे तिचं तिला कळत नव्हतं.

"पोरगी हाय," दिलशाद म्हणाली. "आवाज आईचा घेतलाय. गुंडाळायला काय आणलंय? कपडे?"

उत्कर्षाचा चेहरा उतरला. काहीच आणलं नव्हतं. घरात काही नव्हतंच.

मनुबाईनं कापडी पिशवी उघडली. वरचा भाकरीचा डबा बाजूला ठेवला आणि फडकी काढली. एक उलगडलं तर ते झबलं होतं, मागं बांधायला दोन बंद असलेलं. दुसरं टोपरं. तिसरं, चौथं, लंगोट, दुपटी. दोन महिन्यांची सगळी फडकी. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली.

"आत्या, तुम्ही तर म्हणालात..."

"मग काय म्हणू? नाव घ्यायची भीती वाटत हुती बाई." मनुबाईनं डोळे पुसले. "तुला एकटीलाच वाटतीया व्हय भीती? तुझं तोंड बघवत नव्हतं मला. काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून बोलत नव्हते."

पोरीला झबलं घातलं, टोपरं घातलं आणि उत्कर्षाच्या छातीशी दिलं. पण ती रडायची थांबेना. तांबडीलाल झाली, मुठी आवळल्या, छातीला तोंड लावेना. दिलशादनं पाठ थोपटली. मनुबाईनं मांडीवर घेऊन हलवलं, परत दिली. रडं सुरूच.

"बोल की तिच्याशी," दिलशाद म्हणाली. "नऊ महिने ऐकत आलीया, आईच्या आवाजानं गप होतात."

उत्कर्षानं पोरीकडे बघितलं. पहिल्याशी आठ महिने बोलले होते. हिच्याशी एक अक्षर नाही. लाथ मारली तरी वेळापत्रकाकडे बघत बसले. ही मला ओळखणार कशी? काय बोलायचं असतं तेही तिला आठवेना. राजा, सोन्या, सगळे शब्द पहिल्याबरोबर गेले होते. पोर रडत होती आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

मग तिच्या तोंडी जे आलं तेच ती म्हणाली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तासगावहून सांगलीला जाणारी विनाथांबा गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे."

पोर थांबली. रडता रडता मधेच, तोंड उघडं ठेवून. आवळलेली मूठ सैल झाली आणि तिनं मान जरा वळवली, आवाज आला त्या बाजूला.

"आणखी सांग," दिलशाद हळूच म्हणाली.

"तासगावहून पलूसला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे." पोरीनं डोळे किलकिले केले. "तासगावहून विट्याला जाणारी..." उत्कर्षाचा आवाज फुटला. चार महिने, दिवसाला चाळीस वेळा, हिनं सगळं ऐकलं होतं. आपण समजत होतो बोलत नाही. उत्कर्षानं तिला जवळ ओढलं, कपाळाला नाक लावलं आणि आयुष्यात कुठल्याही गाडीला पुकारली नसेल इतक्या मायेनं कवठेमहांकाळची गाडी पुकारली. या वेळी फलाट विसरली नाही.

पावणेपाचला त्यांना वॉर्डात आणलं. जयराज पोहोचला तेव्हा सव्वापाच झाले होते. शिरवळहून मिळेल त्या गाडीनं आलेला, डब्याची पिशवी अजून खांद्याला. दारातच तो थबकला. खाटेवर बायको हळू आवाजात भिवघाटची गाडी सांगत होती, त्याची मुलगी तोंडाकडे टक लावून ऐकत होती आणि शेजारी त्याची आई मान डोलवत होती. आत जावं की आपली गाडी लागेपर्यंत थांबावं, हे त्याला क्षणभर कळेना. मग तो आत गेला आणि पोरीच्या पायाला बोट लावून नुसताच उभा राहिला. आज कुणाला हवापाणी विचारायची गरज नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले. उत्कर्षा दमून गप्प झाली होती, डोळे मिटत होते.

"उत्कर्षा," मनुबाईनं हाक मारली. "येक ऱ्हायली की गं."

उत्कर्षानं तिच्याकडे बघितलं. अडीच वर्षांत या बाईनं आपल्यापाशी काही मागितलं नव्हतं.

"जाणार आत्या?"

"आज न्हाई. पर बारशाचं आवतान द्यायला मलाच जायला पायजे. भाऊ वाट बघत आसंल." ती जरा थांबली. "गुडघ्यांना काय बी झालं न्हाई माझ्या."

उत्कर्षा उशीला टेकून थोडी वर सरकली. पोर छातीशी होतीच.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तासगावहून विटामार्गे मायणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे."

मनुबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला, पिशवी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून ताठ बसली.