बुर्गीचा डावा हात

संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: उपकरण ओळखता येत नाही.

“मी तरी कुठे ओळखतेय?” बुर्गी म्हणाली. “जेवायच्या टेबलावर ही फळी, सहा लाकडी पट्ट्या आणि वायरींचा गुंता! आहे तरी काय हे, एगॉन?”

“तुझी डाव्या हाताची बोटं.”

तिने डावा हात टेबलाखाली घेतला.

एगॉनने श्टायर गावच्या तरणतलावावर आयुष्यभर पंप दुरुस्त केले. त्याची बायको बुर्गी दर शनिवारी खानावळीत अकॉर्डियन वाजवायची. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिचा डावा हात पुन्हा हलू लागला, भाता ओढता येईल इतका. पण खर्जाची बटणं दाबणारी बोटं परतली नाहीत. अकॉर्डियन कपाटात गेलं. त्याचं नावही काढायचं नाही, असं तिने बजावलं होतं.

म्हणून एगॉन न सांगताच कामाला लागला होता. पायाने पट्टी दाबली की चिप संगणकाला कळवणार, संगणक खर्ज वाजवणार. साध्या चिपला यूएसबीची भाषा शिकवणारा प्रोग्राम व्हिएन्नातल्या लोकांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. अट एवढीच, की आपण बनवलेलंही खुलं करायचं.

“म्हणजे माझे पाय जगभर दिसणार?” त्याने हे सगळं सांगितल्यावर बुर्गीने विचारलं.

“फक्त जोडणीचा आराखडा गं.”

“का? पाय काही वाईट नाहीत माझे.”

एगॉन हसत पुन्हा आराखड्यावर वाकला आणि त्याने कपाळावर हात मारला. हिरवी आणि पांढरी वायर उलट लागली होती.

“आणि हा माणूस म्हणे मेकॅनिक!” बुर्गी म्हणाली.

वायरी बदलल्या. तिने पट्टीवर पाय ठेवला. स्वयंपाकघरात खर्ज घुमला. ती उठून स्वतःच कपाटाकडे गेली.

पुढे कितीतरी दिवस शेजाऱ्यांनी चुकलेले वॉल्ट्झ आणि त्यावरच्या अस्सल शिव्या ऐकल्या.

मग एका शनिवारी खानावळीत, टेबलावर संगणक आणि टेबलाखाली फळी ठेवून तिने सुरुवात केली. टाळ्या पडल्या, जोड्या उठल्या, आणि अचानक खर्ज गेला. कुणाचा तरी पाय वायरीत अडकून यूएसबीचं टोक सैल झालं होतं.

“थांबू नकोस!” म्हणत एगॉन टेबलाखाली शिरला. टोक दाबून धरलं तरच सूर येत होता.

“अहो, बाहेर या, बिअर आणलीय!” मालकीणबाई ओरडल्या.

“इथेच द्या!”

तिथून त्याला नाचणाऱ्यांचे फक्त बूट दिसत होते. आणि अगदी जवळ, बूट काढलेला, राखाडी मोज्यातला बुर्गीचा पाय. पट्टीवरून पट्टीवर न चुकता जाणारा.

एगॉनने दुसऱ्या हातात ग्लास घेतला आणि मांडी घालून बसला.