संगमरवराच्या चुऱ्यातली साबरा

“मौजे अंजूर येथील सदर पट्टीत सुपीक भराव करून, योग्य जातीची जाबोटिकाबाची रोपे सर्व काळजी घेऊन लावण्यात आली, तथापि येथील हवा प्रतिकूल असल्याने ती तगली नाहीत. सबब सदर जागा ट्रक उभे करण्यासाठी वापरण्यास हरकत नसावी.”

आईच्या नावे लिहिलेल्या या अर्जाखाली प्रितेशची सही आणि सहीहून मोठा कंपनीचा शिक्का. भिवंडीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या रुचिकाला चुकांची सवय होती; उत्तरपत्रिकांत त्या मुबलक भेटत. पण भराव सुपीक, जात योग्य, हवा प्रतिकूल ही तीन असत्ये इतक्या नेटकेपणे एकमेकांना टेकून उभी होती की त्यांना चूक म्हणणे हा चुकांचा अपमान ठरला असता.

दोन गोदामांच्या मधे उरलेली ती पट्टी तिच्या आत्याची, गोदूबाईंची. गोदामे आत्याच्या मुलाची, प्रितेशची; त्यातले एक संगमरवराचे. त्याच्या गच्चीवर ड्रममध्ये जाबोटिकाबाचे झाड होते. थेट खोडालाच लगडलेली ती काळी, जांभळासारखी फळे पाहून म्हातारी हरखली आणि तिने फर्मान काढले, “माज्या पट्टीत हीच लावा. गौरी-गणपतीपर्यंत जगली तर जागा झाडांची. मेली तर तुजी, उभे कर तुजे ट्रक.” गोदूबाईंचा शब्द मोडण्याची घरात कोणाची छाती नव्हती. तो वाकवण्याची मात्र एकाची होती.

रुचिकाने तेव्हाच प्रितेशला बजावले होते, “भरावात चुना असेल तर साबरा जात आणू नकोस. ती अम्ल मातीतच रमते, चुन्यात मरते. लाल संकरित आण. ती थोडाफार चुना सोसते.”

“ताई, तू म्हणशील तसं,” तो नम्रपणे म्हणाला होता. नंतर पेपर तपासणीच्या ड्युटीत ती अडकली असताना त्याने लागवड उरकली, फोटोंसकट.

गौरी बसण्याच्या आदल्या सकाळी ती आत्याला घेऊन पट्टीत उभी राहिली. बहुतेक रोपे वाळलेली; उरलेल्यांची पाने फिकट पिवळी पडलेली, हिरव्या उरल्या त्या फक्त शिरा. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. ताट वाढलेले आणि तोंड शिवलेले. पानेही बारीक, निमुळती. लाल संकरिताची याहून मोठी असतात; म्हणजे ही साबराच. रुचिकाने खुरप्याने चार बोटे लाल माती बाजूला केली. खाली पांढरेफेक. तिने त्यावर लिंबू पिळले. ते फसफसले.

“ह्ये काय गो?” गोदूबाई वाकल्या.

“संगमरवर, आत्या. लाद्या कापताना पडणारा चुरा. तुझा लेक लाद्या विकतो आणि चुरा आईला देतो.”

तेवढ्यात प्रितेश आला. लिंबाची फोड पाहून हसला. “सरबत करतेस का ताई? अगं, हवाच वाईट, त्याला कोण काय करणार!”

“हीच हवा तुझ्या गच्चीवर चढली की सुधारते का रे? तिथलं झाड फळांनी लगडलंय.”

“मला झाडांतलं काय कळतं? नर्सरीवाल्यानं दिली ती लावली.”

“म्हंजे रोपं चांगली होती?” गोदूबाईंनी विचारले.

“एक नंबर.”

“न् माती?”

“सोनं आहे, आई.”

म्हातारीने पदर खोचला. “मंग तुजा डरम उतरव. तुजं झाड हितं, माज्या डोल्यांदेखत लाव. जगलं तर जागा झाडांची, मेलं तर ट्रक आन.”

“एवढं मोठं झाड? आता?”

“का रं? सोन्यात लावायला मुहूर्त लागतो?”

प्रितेशने रुचिकाकडे पाहिले. ती खुरप्याची माती पुसत होती. दुसऱ्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे, हा तिचा जुना शिरस्ता.

“सांग की. घाबरतोस कशाला?” गोदूबाई म्हणाल्या. “दोघं गडी बोलवू?”

त्याचा संयम तिथे सुटला. त्याचे शब्द रुचिकाने काना-मात्रा न बदलता लक्षात ठेवले:

“आई, डोकं फिरलंय का तुझं? खाली सगळा मार्बलचा चुरा टाकलाय मी! त्यात साबरा मरते हे ताईनंच सांगितलेलं, म्हणून तर तीच आणली. माझं झाड कशाला मारू?”