मारवेलचा गोतावळा

न्हावऱ्याच्या अंकिताला मारवेल लहानपणापासून ओळखीचं. बांधावर उगवणारं, कोवळं असताना जनावरं मिटक्या मारत खातात ते गवत. तिचे वडील बिरदेव पोरवयात मेंढरांमागं हिंडलेले. आता घरी दोन गाई आणि कांद्याचं रान. लेक गवतावर पीएच.डी. करते हे ऐकून भावकी हसली, पण बिरदेव सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून तिच्यासोबत निघायचे. कोरेगाव भीमापासून पार दौंडच्या माळापर्यंत बापलेक बांधोबांध फिरले. अंकिता पानं खुडून आणायची आणि प्रयोगशाळेत त्यांचा डीएनए तपासायची.

निकाल हाती आले तेव्हा ती खुर्चीतच बसून राहिली. भीमेकाठचं जवळजवळ सगळं मारवेल एकसारखं! मांडवगण फराट्याचा ठोंब आणि कोरेगावचा ठोंब जणू एकच झाड. या गवताच्या बीत बरेचदा बापाचा अंशच उतरत नाही, आईचीच हुबेहूब नक्कल उगवते, हे तिला ठाऊक होतं. चकित केलं ते दौंडकडच्या एका मुरमाड उतारानं. तिथला ठोंबन् ठोंब वेगळा. जवळचे, लांबचे, एकमेकांत मिसळलेले, सगळे नातलग एकाच उतारावर नांदत होते.

त्याच आठवड्यात ती बी गोळा करायला वडलांबरोबर तिथं गेली, तर उताराच्या पायथ्याशी जेसीबी चालू. रान मच्छिंद्र आप्पांचं. त्यांना सपाट करून ऊस लावायचा होता. खालची पट्टी उकरून झाली होती.

"आप्पा, जरा थांबवता का?" अंकिता धावतच गेली.

"का गं पोरी? गवातच हाय की. बांधावर बी हायेच."

"बांधावरचं समदं एकाच वाणाचं हाय, आप्पा. त्येच्यावर एखादा रोग पडला तर समदंच बसंल. हितलं तसं न्हाई. ह्यातलं एखादं तरी तग धरील."

आप्पांनी जेसीबीवाल्याला हात केला. "दाव बरं, काय वेगळं हाय ते."

ती त्यांना घेऊन उतार चढली. एका ठोंबाची कांडी जांभळट, दुसऱ्याची फिकट हिरवी. एक जमिनीला धरून पसरलेला, शेजारचा ताठ उभा. कुणाच्या पेरावर पांढऱ्या केसांचं दाट कडं, तर कुणाच्या नावालाच. आप्पा वाकून वाकून बघू लागले. त्यांच्या घरधनीण तुळजाबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या, त्याही मागोमाग चढल्या.

"म्हंजी साऱ्या खोऱ्यातल्या मारवेलचं माहेर आमच्या रानात म्हणायचं का?" त्यांनी विचारलं.

"तसं छातीठोक सांगता येणार न्हाई, काकी," अंकिता म्हणाली. "पर येवढा मोठा गोतावळा मला दुसरीकडं कुठंच गावला न्हाई."

 आप्पांनी खाली उतरून जेसीबीवाल्याला सांगितलं, "पायथ्याचं तेवढं उरक. वर चढू नगंस."

अंकिताला अख्खा उतार हवा होता. अर्धाच मिळाला. पायथ्याच्या ढिगातून जिवंत ठोंब निवडायला सगळेच बसले. बिरदेव मुळ्यांची माती न झाडता ओल्या पोत्यात गुंडाळत होते, आप्पा पोती ट्रॉलीत चढवत होते. संध्याकाळपर्यंत ते सगळं न्हावऱ्यात बिरदेवांच्या कांद्याच्या रानाकडेला लागलं. बरेच ठोंब वाळले. जे जगले त्यांना बिरदेवांनी उन्हाळाभर पाणी घातलं.

पुढच्या भादव्यात अंकिता पुन्हा उतारावर गेली. खाली ऊस डोक्याएवढा झाला होता. वर मारवेल फुलावर आलं होतं, वाऱ्यानं परागाची बारीक धूळ उडत होती. बी झडेपर्यंत आप्पा कुणाला कापू देणार नव्हते. दगडाच्या सांदीत तिला एक कोवळा ठोंब दिसला: तुरे तांबूस, पातं निळसर. असा तिनं आजवर कुठंच पाहिला नव्हता; ही कुणा आईची नक्कल दिसत नव्हती. पान खुडायला पुढं केलेला हात तिनं मागं घेतला, आणि कितीतरी वेळ ती नुसती त्याच्याकडं बघत उकिडवी बसली.